गव्हाचा मामा आणि भाड्याचं हॅपी सीडर: भितरवारकडच्या तीन रब्बी

१४ डिसेंबर २०२४च्या सकाळी मी आमच्या कालव्याकाठच्या शेतात चौकोन टाकून गुल्लीडंडा, म्हणजे गव्हात उगवणारं गवत, मोजला. चौकोन म्हणजे विजेच्या फिटिंगचा पांढरा पाइप कापून, कोपरे जोडून केलेली मीटर बाय मीटरची चौकट. दहा जागी टाकली. सरासरी नऊ रोपं निघाली. याच शेतात डिसेंबर २०२१मध्ये पहिल्याच जागी एकशे बत्तीस मोजून मी उठले होते, कारण पुढे गहू कुठला आणि गवत कुठलं हे डोळ्यांना कळेना. हे परीक्षण ज्या सेवेचं आहे ती या दोन आकड्यांच्या मधली आहे: भाड्यानं मिळणारं हॅपी सीडर, म्हणजे न नांगरता गहू पेरणारं यंत्र, त्याबरोबर येणारा चालक आणि त्यांचीच फवारणीची टोळी. ग्वाल्हेरकडच्या डबऱ्याजवळच्या एका कस्टम हायरिंग सेंटरकडून, म्हणजे शेतीची यंत्रं भाड्यानं देणाऱ्या केंद्राकडून, मी ही सेवा सलग तीन रब्बी घेतली. नाव देत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत आणि माणसं ओळखीची आहेत.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजात राहते. सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. बाबा गेले तेव्हापासून, म्हणजे २०२१पासून, भितरवार रस्त्याकडची चौदा एकर जमीन माझ्याकडे आली. इथे सगळे बिघ्यात बोलतात, मी एकरात लिहिते. पाणी हरसीच्या कालव्याचं. हरसीचं धरण १९३५चं, शिंदे सरकारच्या काळातलं, आणि आमच्या आजोबांनी जमीन घेतली ती त्या पाण्याच्या भरवशावरच. खरिपात बासमती, रब्बीत गहू, वर्षानुवर्षं हेच. जमीन बटाईवर आहे. बटाईदाराला मी कक्का म्हणते, ते मला अजून बिन्नू म्हणतात. मी लहान असताना त्यांच्या बैलगाडीतून शेतावर जायची, त्यामुळे ते तसंच राहिलं.

गुल्लीडंडा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना आधी तो ओळखता यायला हवा, नाहीतर पुढचं सगळं वाया. शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर. हरियाणात मंडूसी म्हणतात, आमच्या भागात गुल्लीडंडा किंवा गेहूं का मामा. मामा हे नाव मला सगळ्यात बरोबर वाटतं, कारण हा घरातल्यासारखाच दिसतो आणि घरातलंच खातो. पहिल्या वर्षी कक्कांनी मला बांधावर बसवून दोन रोपं हातात दिली, पंचवीस दिवसांची. दोन्ही सारखीच हिरवी, सारखीच उंच. मग त्यांनी पान काडीपासून अलगद ओढून दाखवलं. गव्हाच्या पानाच्या बुडाशी दोन बारीक नख्या असतात, काडीला मिठी मारल्यासारख्या, आणि त्यांच्यावर लव असते. मामाला नख्या नाहीत, तिथे फक्त एक पातळ पांढुरका पडदा. मग त्यांनी मामाचं बूड नखानं चिरलं आणि माझ्या तळहातावर दाबलं. लालसर ओल उमटली. "जे देख बिन्नू, इसका खून लाल है." त्या दिवसानंतर मी गहू न्याहाळताना कधी चुकले नाही.

ओंबीवर आल्यावर तर आंधळ्यालाही कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो. त्याची ओंबी गव्हाच्या आधी पिकते आणि काळं, चकचकीत, खसखशीपेक्षा जरासं मोठं बी गहू कापायच्या आतच जमिनीवर सांडतं. एका ओंबीत शेकड्यांनी. ते बी भाताच्या चिखलातूनही टिकतं आणि नोव्हेंबरात थंडी पडली की गव्हाबरोबर उठतं. भात आणि गहू ही जोडी त्याला जितकी मानवते तितकी दुसरी कुठलीच नाही.

आमच्याकडे औषध नव्हतं असं नाही. बाबा बरीच वर्षं क्लोडिनाफॉप मारत होते, पंधरा टक्क्यांची पावडर, एकरी १६० ग्रॅम. सुरुवातीला आठवड्याभरात मामा पिवळा पडायचा. मग दोन आठवडे लागायला लागले. मग काही रोपं पिवळी पडून पुन्हा हिरवी व्हायला लागली. २०२१च्या हिवाळ्यात आम्ही तीच मात्रा मारली, नंतर घाबरून आणखी एकदा मारली, आणि मार्चमध्ये शेत बघायला गेले तर गव्हाच्या वर मामाच डोलत होता. एकरी अकरा क्विंटल गहू झाला. कक्का काही बोलले नाहीत. त्यांनी बांधावरून एक ओंबी तोडली, चुरली आणि बी माझ्या हातात ठेवलं.

हे आमच्याच नशिबाला आलं असंही नव्हे. हरियाणात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आयसोप्रोट्युरॉनचं हेच झालं. वर्षानुवर्षं तेच एक औषध मारल्यावर त्याला न जुमानणारी रोपं शिल्लक राहिली, त्यांचंच बी पसरलं, आणि शेवटी लोकांना उभा गहू हिरवा कापून जनावरांना घालावा लागला. मग १९९०च्या दशकाच्या अखेरीस क्लोडिनाफॉप, फिनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन ही नवी औषधं आली आणि पुढे तीही एकेक करून थकली. आमच्या चौदा एकरांत त्याच गोष्टीची छोटी आवृत्ती चालली होती.

तेव्हा कृषी विज्ञान केंद्रात एका बाईंना भेटले. त्यांनी औषधाचं नाव सांगायच्या आधी विचारलं, "जमीन किती वेळा उलटवता?" मी म्हटलं, रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या, मग पेरणी. त्या म्हणाल्या, मामाचं बी बारीक असतं, त्याच्यात दम थोडा. वरच्या पाचेक सेंटीमीटरातलंच बी उगवून येऊ शकतं. खोल गाडलेलं बी झोपून असतं, आणि तुम्ही दर वर्षी रोटाव्हेटर फिरवून त्यातलं थोडं वर आणता, भुसभुशीत मऊ गादी करून देता आणि वर पाणी सोडता. जमीन न हलवता पेरा. भाताची पराळी, म्हणजे कापणीनंतर उरलेला पेंढा, जाळू नका, वर तशीच राहू द्या. उजेड नाही, मोकळी माती नाही, मग कितीसं उगवेल?

मला हे गणितासारखं पटलं. बियांचा साठा म्हणजे बँकेतली ठेव, रोटाव्हेटर म्हणजे दर वर्षी काढलेलं व्याज. ठेव मोडायची तर आधी व्याज बंद करायचं आणि नवीन भरणाही बंद करायचा.

मग यंत्र. हॅपी सीडर हे पंजाब कृषी विद्यापीठानं ऑस्ट्रेलियाच्या मदतीनं २००१-०२च्या सुमारास तयार केलेलं. ट्रॅक्टरमागे जोडायचं. पुढे फिरणाऱ्या पात्या दातांसमोरची पराळी तोडून बाजूला करतात, मागे उलट्या टी आकाराचा फाळ जमिनीत बोटभर रुंदीची चीर पाडतो, बी आणि खत त्या चिरेत पडतं आणि पराळी दोन ओळींच्या मधे अंथरली जाते. बाकी जमीन जशीच्या तशी. मी पहिल्यांदा मागे चालत गेले तेव्हा गुडघ्यावर बसून एक चीर उघडून बघितली. वर पिवळी पराळी, खाली ओली काळपट माती आणि त्यात दीड इंचावर गव्हाचे दाणे. दोन्ही बाजूंची माती कापणीनंतर होती तशीच, पायाच्या ठशांसकट. मामाचं सगळं बी तिथेच खाली झोपलेलं होतं आणि त्याला कोणी हलवलं नव्हतं.

पण ते आम्ही 'आंब्याचं शेत' म्हणतो ते होतं, तीन एकरांचं. कालव्याकाठच्या चार एकरांवर त्या पहिल्या वर्षी, ९ नोव्हेंबर २०२२ला, माझी फसगत झाली. सेंटरचं हॅपी सीडर दुसरीकडे अडकलं होतं. त्यांनी सुपर सीडर पाठवलं आणि फोनवर सांगितलं, "एकच आहे मॅडम, त्यापेक्षा भारी आहे." मी हो म्हटलं. सुपर सीडरही पराळीत पेरतं, शेतही जास्त स्वच्छ दिसतं, पण त्याच्या पोटात रोटाव्हेटर असतो. तो पराळी मातीत कालवतो, म्हणजेच माती ढवळतो. पराळी जाळायची नसेल आणि गवताचा त्रास नसेल तर ते यंत्र चांगलंच आहे, त्याच्याविरुद्ध माझं काही नाही. मामासाठी मात्र ती पुन्हा तीच मऊ गादी झाली. डिसेंबरात मोजलं तेव्हा आंब्याच्या शेतात अडतीस, कालव्याकाठी अठ्ठ्याऐंशी, आणि वरच्या सात एकरांत, जिथे जुन्या पद्धतीनं पेरलं होतं, एकशे सतरा. तीनही शेतांत गव्हाची जात तीच, ३२२. कालवाही एकच. म्हणून या सेवेकडून यंत्र मागवणाऱ्याला पहिली गोष्ट सांगते: यंत्राचं नाव दोनदा विचारा, आणि ट्रॉलीतून उतरल्यावर ते काय आहे हे स्वतः बघा. 'एकच आहे' असं म्हणणाऱ्याला मातीतलं बी दिसत नाही.

दुसऱ्या वर्षापासून हे सुधारलं. मी नोंदणी करताना 'फक्त हॅपी सीडर' असं लिहून घ्यायला लावते आणि तारीख आठ दिवस आधी पक्की करते. तारखेची शिस्त या सेवेची चांगली आहे. २०२३मध्ये एक दिवस उशीर झाला, २०२४मध्ये अजिबात नाही. आणि लवकर पेरणीलाही इथे किंमत आहे. नांगरट, वाफसा, पुन्हा नांगरट यात आमचे आठ-दहा दिवस जायचे. २०२४मध्ये भाऊबीज ३ नोव्हेंबरला झाली आणि ६ला भाताच्या ओलीवरच गहू पडला. दिवस गार व्हायच्या आत गव्हाची मुळं धरली होती. मामा मागून उठला तेव्हा गव्हानं जागा घेतलेली होती.

चालक मुलगा पंचविशीतला, घाटीगावकडचा. त्याच्याबद्दल मी मनापासून चांगलं लिहीन. सकाळी नऊच्या आत तो यंत्र चालू करत नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं टाळतोय. मग त्यानं दव पडलेली पराळी हातात पिळून दाखवली, चामड्यासारखी चिवट. ओली पराळी पात्यांना गुंडाळते, फाळाशी गोळा होते, चीर उघडी राहते आणि बी वरच पडतं. ऊन चढल्यावर तीच पराळी कडकड तुटते. तो संध्याकाळी साडेपाचला थांबतो, दिवसाला सहा-सात एकर करतो, आणि मागे एक माणूस नळ्यांवर नजर ठेवून चालतो. हा मागचा माणूस सेवेत धरलेला आहे, पण दर वर्षी तो द्यायला कुरकूर होते. तो नसेल तर पेरणी करू देऊ नका. एक नळी तुंबली की तीस मीटरची एक ओळ रिकामी जाते, आणि रिकाम्या ओळीत मामा आरामात पसरतो. आंब्याच्या शेताच्या पूर्वेला अशी एक ओळ २०२२मध्ये राहिली होती. फेब्रुवारीत दुरून दिसायची, गव्हात गवताचा पट्टा, फुटपट्टीनं आखल्यासारखा.

कापणीचं यंत्रही बघून घ्या. कंबाइनला मागे पराळी पसरवणारं जोडकाम, ज्याला सुपर एसएमएस म्हणतात, ते नसेल तर पराळी एका पट्ट्यात ढिगानं पडते आणि हॅपी सीडर तिथे दर दहा पावलांवर थांबतं. डबऱ्याकडे फाळणीनंतर आलेल्या सरदारांची मोठी शेती आहे, त्यांच्या कंबाइनना हे जोडकाम असतं. आम्ही आता त्यांच्यातल्याच एकाकडून कापतो. अट एक घातली आहे: गव्हाच्या वेळी कंबाइन आधी आमच्या स्वच्छ शेतात, मग मामावाल्या शेतात. आणि येताना दुसऱ्या गावचं बी पोटात घेऊन आलं असेल तर बांधाबाहेर फुंकून ये. सुरुवातीला त्यांना याचा राग आला. मग मी त्यांना टाकीच्या कोपऱ्यातून चिमूटभर काळं बी काढून दाखवलं.

दर सांगते. २०२२मध्ये एकरी १,९०० रुपये, २०२४मध्ये २,१००, डिझेल त्यांचं. जुन्या पद्धतीत रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या आणि पेरणी मिळून आम्हाला ३,६००च्या आसपास जायचे. म्हणजे यंत्र स्वस्तही पडतं. पण मी ते स्वस्त म्हणून घेत नाही. ३,६००ला मिळालं असतं तरी घेतलं असतं.

फवारणीची टोळी ही याच सेवेची दुसरी बाजू, आणि तिला मी यंत्राइतके गुण देणार नाही. पहिल्या वर्षी माणूस आला तो गनवाला नोजल घेऊन. हात डावी-उजवीकडे फिरवत धुकं उडवायचा, तो चालेल तिथे दाट, मधे काहीच नाही. गवताच्या औषधाला सपाट पंख्यासारखा फवारा देणारं फ्लॅट फॅन नोजल लागतं, हात स्थिर, चाल एकसारखी. मी डबऱ्यातून स्वतः सहा नोजल विकत घेतले आणि माझ्याजवळ ठेवले. आता टोळी आली की आधी नोजल बदलून मगच टाकी भरायची. पाणी एकरी दीडशे लिटर मोजून. साठ लिटरमध्ये एकर उरकणारा माणूस औषध नव्हे, तुमचे पैसे उडवतो.

औषधाच्या निवडीतली एक चूक मात्र सेवेची नव्हती, माझी होती. २०२२मध्ये क्लोडिनाफॉप थकलं म्हणून मी पिनॉक्साडेन आणलं, एकरी ४०० मिली. महागडी बाटली, वेगळं नाव, वेगळा वास. मला वाटलं औषध बदललं. नंतर कळलं की दोन्ही रोपाच्या आत एकाच जागी घाव घालतात. कुलूप तेच, किल्लीला फक्त नवा मुलामा. काही मामा मेला, बराच वाचला. औषध बदलायचं म्हणजे पाकिटावरचं नाव बदलायचं नसतं, त्याच्या कामाची पद्धत बदलायची असते. तेव्हापासून मी वहीत औषधाचा गट लिहिते, कंपनी नाही.

२०२३मध्ये पायरॉक्सासल्फोन वापरलं. हे उगवणीपूर्वीचं औषध, पेरणीनंतर तीन दिवसांच्या आत, पंच्याऐंशी टक्क्यांच्या दाण्यांचं एकरी ६० ग्रॅम, पाणी दोनशे लिटर. पाणी इतकं का, तर पराळीवर थेंब अडतात आणि ते खाली मातीपर्यंत पोहोचवायचे असतात. याच कारणानं आधी जाळलेल्या शेतात असली मातीतली औषधं नीट चालत नाहीत, राख त्यांना धरून बसते. नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट, जाळणारे शेजारी मला विचारतात की तुझं औषध चाललं आणि आमचं का नाही. उत्तर त्यांच्या काळ्या जमिनीवरच असतं. मग महिनाभरानं, पहिल्या पाण्यानंतर वाफसा आला की जे वाचलं त्याच्यावर सल्फोसल्फ्युरॉन, एकरी साडेतेरा ग्रॅम. ते कालव्याकाठच्या चार एकरांतच मारलं, कारण त्याचा अंश जमिनीत राहतो आणि पुढच्या हंगामात ज्वारी किंवा मका घ्यायचा असेल तर भोवतो. आम्हाला भातच घ्यायचा होता.

आणि टोळीनं एकदा जवळजवळ घोटाळा केला होता. चिलाची भाजी, हे रुंद पानांचं तण, जास्त दिसली म्हणून त्यांनी गवताच्या औषधातच टू-फोर-डी हे रुंद पानांचं औषध मिसळायला काढलं, एका फेरीत दोन कामं. मी वेळेवर पोहोचले. टू-फोर-डी बरोबर मिसळलं की क्लोडिनाफॉपच्या जातीची औषधं गवतावर कमी चालतात. रुंद पानांचं औषध आठवड्याच्या अंतरानं वेगळं मारायचं.

आता यंत्राची जी उणीव आहे ती लिहिते, कारण विकणारे ती सांगत नाहीत. न नांगरलेल्या शेतात मामा कमी झाला, पण जंगली पालक वाढला. २०२३च्या जानेवारीत आंब्याच्या शेतात जागोजागी त्याची रुंद पानं पसरलेली होती, पूर्वी इतका कधीच नसायचा. त्याला मेटसल्फ्युरॉन एकरी ८ ग्रॅम पुरलं. उंदीर वाढले. पराळीखाली त्यांना घर मिळतं, बांधाची बिळं बुजवावी लागली. आणि पहिल्या पाण्यानंतर गहू पिवळा पडतो. कक्का पहिल्या वर्षी इतके घाबरले की रात्री फोन आला. पराळी कुजताना जमिनीतलं नत्र स्वतःकडे ओढते, आणि पाणी भरभरून दिलं तर मुळं गुदमरतात. पहिलं पाणी एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पण हलकं, आणि युरिया त्याच्या आधी न टाकता वाफशावर, एवढ्यानं ते आटोक्यात आलं. दहा दिवस ते शेत रस्त्यावरून बघणाऱ्याला आजारी दिसतं. लोक थांबून बोलतात. ते दहा दिवस सोसावे लागतात.

दुसरी चूकही लिहून टाकते. २०२३च्या मेमध्ये मी प्रेमानं एका डेअरीतून दोन ट्रॉल्या शेणखत आणून आंब्याच्या शेतात पसरलं. अर्धवट कुजलेलं होतं, आतून गरमसुद्धा नव्हतं. ती डेअरी हिवाळ्यात गव्हातून काढलेलं गवतच जनावरांना घालते हे मला माहीत असायला हवं होतं. डिसेंबरात जिथे ट्रॉली रिकामी केली होती बरोबर तिथे, गोल चकत्यांसारखा, मामा उठला. चौकोन टाकायची गरजच नव्हती. आता खत घरचं, ढीग दोनदा पलटलेला, हात घातला तर चटका बसेल असा तापलेला आणि मग वर्षभर निवलेला.

यामुळेच आंब्याच्या शेताचं पीक बदललं. यंत्र काहीही असलं तरी मामाला गव्हात लपायला जागा मिळते. गहूच नसेल तर? २०२४च्या खरिपात तिथे ११२१ या बासमतीच्या वाणाऐवजी पुसा १५०९ लावला. तो साधारण एकशेवीस दिवसांत निघतो, सप्टेंबरच्या शेवटी शेत रिकामं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोहरी पेरली. आमच्या चंबळकडच्या मातीत मोहरी म्हणजे माहेरचं पीक, कोणाला शिकवावं लागत नाही. मामा थंडीत डोकं काढेपर्यंत मोहरीनं सावली धरलेली होती, आणि मोहरीत गवत मारणारी औषधं गव्हाच्या भानगडीशिवाय वापरता येतात. वरच्या शेताच्या एका तुकड्यात, अर्ध्या एकरात, कक्कांनी बरसीम घातलं. ते चार-पाच वेळा कापलं जातं आणि कापताना मामाही ओंबीवर यायच्या आत कापला जातो. बी पडतच नाही. कक्कांची म्हैस खूश, मी खूश.

कालव्याकाठी २०२४मध्ये हॅपी सीडर, पायरॉक्सासल्फोन, मग चौकोनात नऊच्या आसपास जी रोपं उरली त्यांच्यावर पिनॉक्साडेन. मधे एक वर्ष वेगळा गट गेला होता. त्यानंतर जे तग धरून होतं ते फेब्रुवारीच्या शेवटी ओंबी बाहेर पडताच हातानं उपटलं. तीन बायका, मी आणि कक्कांची सून, तीन दिवस. उपटलेलं पोत्यात भरून शेताबाहेर नेलं, बांधावर एक काडी टाकली नाही. मजुरी २,७०० रुपये झाली. त्या रोपांचं बी पडू न देणं हे माझ्या मते त्या वर्षी केलेलं सगळ्यात कामाचं खर्चिक काम होतं, आणि ते कुठल्याच सेवेच्या यादीत नाही. एकरी साडेसतरा क्विंटल गहू निघाला.

यंत्राला पाचपैकी साडेचार देते, अर्धा गुण जंगली पालकासाठी कापला. चालकाला पाच. फवारणीला अडीच, आणि तेही माझे नोजल वापरल्यावर. सेंटरच्या कार्यालयाला तीन, कारण फोन उचलतात, पण यंत्रातला फरक त्यांनी ग्राहकाला आपणहून सांगायला हवा.

पुढच्या रब्बीची नोंदणी मी केली आहे. वरचे साडेसहा एकर पहिल्यांदाच हॅपी सीडरखाली जातील, आंब्याच्या शेतात मोहरीनंतर पुन्हा गहू, आणि कालव्याकाठी मोहरी. चालक तोच हवा असं लिहून दिलंय. चौकोन स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवलाय. एक कोपरा निसटला आहे, तो जोडून घ्यायचाय.